टोपणाएवढं यंत्र

मराठी विभागासाठी काहीतरी दे असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मी आधी सरळ नाही म्हणाले होते. पाचवीपासून नाशिकच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये वाढलेली मुलगी मी. माझं ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे आपल्या मेसची आमटी, कधी काय निघेल सांगता येत नाही. पण जे लिहायचंय ते इंग्रजी विभागात दिलं असतं तर ते मेसच्या मावशींनी, वॉचमन काकांनी आणि वर्कशॉपच्या मामांनी वाचलं नसतं. म्हणून मराठीत लिहितेय. चुका पदरात घ्या.

तर विषय आहे कोलोनोस्कोपी. हसू नका.

हसलात ना? माझंही तसंच होतं. गंमत बघा, कोलोनोस्कोपी म्हटलं की कसं भारदस्त वाटतं. तेच मराठीत 'शौचाच्या जागेतून दुर्बीण घालून मोठं आतडं तपासणे' असं म्हटलं की समोरचा माणूस पंख्याकडे बघायला लागतो. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला असल्या गोष्टींना नावच नव्हतं, करंगळी वर केली की काम भागायचं. घरी राजूरला नावं होती, पण ती चारचौघांत घ्यायची नसत. एकूण काय, दोन्ही भाषांनी मला गप्प बसायलाच शिकवलं.

नाना म्हणजे माझे मोठे चुलते. वय ५८. राजूरला भातशेती आणि दोन डांगी बैल. राजूरच्या जनावरांच्या प्रदर्शनाचे चार दिवस सोडले तर हा माणूस कधी सुट्टी घेत नाही. नानांना दीड वर्षापासून शौचाच्या वेळी रक्त पडत होतं. त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. चुलतीला कपडे धुताना कळलं, तेव्हा म्हणाले, "मूळव्याध हाये. तिखट खाल्लं की होतं."

मूळव्याधीचं आपल्याकडे एक बरं आहे. डॉक्टरकडे जायच्या आधीच रोगाचं निदान भिंतीवर रंगवलेलं असतं. कुठल्याही एसटी स्टँडच्या बाहेर उभे राहा, मूळव्याध-भगंदर-फिशर, ऑपरेशनशिवाय, कायमची, असं मोठ्या अक्षरात दिसणारच. नानांनी त्यातल्या दोन ठिकाणचं औषध घेतलं. रक्त कधी थांबायचं, कधी परत सुरू व्हायचं. (आणि मूळव्याध त्यांना खरंच होती. हीच तर फसगत आहे. एक खरा आजार दुसऱ्याला झाकून ठेवतो.)

शेवटी चुलत्यांना ओढत एका शहरात नेऊन तपासणी केली. या तपासणीच्या आदल्या दिवशी एक पावडर लिटर-दोन लिटर पाण्यात कालवून प्यायची असते. त्याने पोट पूर्ण साफ होतं. पूर्ण म्हणजे पाण्यासारखं. नानांनी निम्मं प्यायलं आणि उरलेलं सांडून दिलं. कारण काय, तर ज्यांच्याकडे मुक्काम होता त्यांच्या घरात एकच संडास, घरात सुना, आणि रात्री पंधरा वेळा उठायचं. लाज वाटली.

रिपोर्ट इंग्रजीत होता. दादाने त्याचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवला. घरात इंग्रजी येणारी मी. माझी दुसऱ्या दिवशी सबमिशन होती. मी फोटो उघडला, खालच्या ओळीतला 'नॉर्मल' हा शब्द वाचला आणि अंगठा पाठवून दिला. त्याच्या वरच्या ओळीत लिहिलेलं होतं की आतडं पुरेसं साफ नव्हतं, दिसलं तेवढ्यापुरतंच हे मत आहे, पुन्हा तपासणी करावी. ती ओळ मी वाचली नाही. दहा वर्षांची कॉन्व्हेंटची फी त्या एका ओळीसाठी भरली होती असं म्हटलं तरी चालेल.

आठ महिन्यांनी नानांना बैल सोडतानाही धाप लागायला लागली, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन पार खाली. दादाला चाकणला कंपनीतून रजा मिळेना, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना घेऊन निघाले. राजूरहून भंडारदरा, बारी, घोटी करत नाशिक. गाडीत मी विचारलं, "नाना, रक्त लाल पडतं की काळं?" नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पोरी, ह्या काय पोरीबाळींनी इचारायच्या गोष्टी हायेत का?" घोटीपर्यंत मग आम्ही दोघं गप्प.

नाशिकला आम्ही लॉजवर खोली घेतली, संडास आतच असलेली. मी बाहेर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले आणि दर पंधरा मिनिटांनी दार वाजवून ग्लास आत दिला. तिसऱ्या ग्लासानंतर नानांची लाज संपली. पाचव्याला म्हणाले, "राजूरचा पेढा दिला असता तर ह्ये बी गोड लागलं असतं."

आता मुद्द्यावर येते, नाहीतर आमचे प्रोजेक्ट गाइड म्हणतात तसं माझं इंट्रोडक्शनच रिपोर्टपेक्षा मोठं व्हायचं.

नाशिकच्या डॉक्टरांनी मी इंजिनिअरिंगला आहे म्हटल्यावर तपासणीच्या आधी ट्रेमधली एक वस्तू दाखवली. पेनाच्या टोपणाएवढी, दोन्हीकडून उघडी, आणि बाहेरून मऊ रबरी केसांसारखे काटे. दुर्बिणीच्या टोकावर ती घट्ट बसवायची. बॅटरी नाही, वायर नाही, सॉफ्टवेअर नाही. मी विचारलं, एवढंच? ते म्हणाले, एवढंच.

ते कशाला लागतं ते सांगते. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. आतून ते पीव्हीसी पाइपासारखं सपाट नसतं, बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या त्याला आडव्या घड्या असतात. दुर्बीण आधी शेवटपर्यंत आत नेतात आणि खरी बारकाईची तपासणी ती बाहेर काढताना करतात. कॅमेरा टोकाला, त्याचं तोंड मात्र पुढेच. म्हणजे उलट्या पावलांनी मागे सरकत बाहेर यायचं आणि समोरचं बघत राहायचं. अशाने प्रत्येक घडीचं आपल्याकडचं अंग दिसतं, पलीकडचं दिसत नाही. घोटीकडून कळसूबाईच्या बाजूला बघा. डोंगराची रांग दिसते, तिच्या मागे दुसरी दिसते, पण पलीकडच्या उतारावर कोणाची वस्ती आहे ते इथून कोण सांगणार? साध्या दुर्बिणीला १४० ते १७० अंशांचं दिसतं, पण डोंगराआडचं तिलाही दिसत नाही.

आणि तिथेच पॉलिप बसलेला असू शकतो. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला मांसाचा अंकुर. सगळे वाईट नसतात. पण त्यातला अडेनोमा नावाचा प्रकार पुढे कॅन्सर होऊ शकतो, आणि त्याला बहुधा दहाएक वर्षं लागतात. इतका वेळ देणारा शत्रू दुसरा नसेल. सापडला की तिथल्या तिथे तारेच्या फासाने कापून काढता येतो. न्यूयॉर्कमध्ये शिन्या आणि वुल्फ या दोन डॉक्टरांनी १९६९ साली हे पहिल्यांदा करून दाखवलं, पोट न फाडता. त्याआधीची एक गोष्ट आपल्या लोकांसाठी: काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र वळवून नेता येतं हे १९५४ साली ज्यांनी दाखवलं त्यातले एक नरिंदर सिंग कपानी, पंजाबात जन्मलेले. फायबर ऑप्टिक्सच्या युनिटमध्ये त्यांचं नाव आपण दोन मार्कांसाठी पाठ करतो आणि विसरतो.

तर अडेनोमा सापडला पाहिजे. आणि तो सुटतो. एकाच माणसाची एकाच दिवशी दोनदा तपासणी करून बघितलेल्या अभ्यासांची २००६ साली एकत्र मोजणी झाली, तेव्हा १०० पैकी साधारण २२ पॉलिप पहिल्या फेरीत सुटलेले निघाले. त्यात बहुतेक बारीक, एक सेंटिमीटरच्या वरचे सुटण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास. पण हे आतडं नीट साफ असताना! नानांसारखं निम्मं औषध सांडणाऱ्यांचं गणित वेगळं.

मेकॅनिकलवाल्यांना मेट्रॉलॉजीत शिकवतात की एकच जॉब दोन इन्स्पेक्टरनी मोजला तर रीडिंग वेगळं येतं. इथेही तेच. अमेरिकेत तीन लाखांवर कोलोनोस्कोपींचा हिशेब २०१४ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर-डॉक्टरमध्ये अडेनोमा सापडण्याचं प्रमाण ७ टक्क्यांपासून ५२ टक्क्यांपर्यंत होतं! आणि हे प्रमाण एका टक्क्याने वाढलं की त्या डॉक्टरच्या रुग्णांना पुढे कॅन्सर होण्याचा धोका ३ टक्क्यांनी कमी दिसला. इन्स्पेक्टर चुकला तर बेअरिंग वाजतं. इथे काय होतं ते लिहायची गरज नाही.

आता हा प्रश्न जगभरच्या इंजिनिअरांनी कसा सोडवला ते बघा, मला तर यात एखाद्या कादंबरीपेक्षा जास्त मजा आली. एकांनी दुर्बिणीतून मागे वळून बघणारा दुसरा छोटा कॅमेरा घातला, म्हणजे घाटातल्या वळणावर आरसा लावतात तसा. दुसऱ्यांनी तीन कॅमेरे लावून ३३० अंशांचं दृश्य मिळवलं. दोन्ही कल्पना डोकेबाज, पण खर्चिक आणि गुंतागुंतीच्या, फारशा रुजल्या नाहीत. मग काहींनी उलटा विचार केला. नजर कशाला वळवायची? घडीच सरळ करा ना! त्यातून ही टोपणं आली. सगळ्यात साधी म्हणजे टोकापुढे दोन-चार मिलिमीटर येणारी पारदर्शक प्लॅस्टिकची टोपी, जिने घडी हळूच दाबून बाजूला करता येते. मग इस्राएलमधली एंडोरिंग्ज, सिलिकॉनच्या मऊ चकत्या. तिथलीच जी-आय, तिच्यात टोकाजवळ फुगा फुगवून बाहेर येताना आतडं ताणून घेतात. आणि इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका लहान कंपनीचं एंडोकफ, म्हणजे मी बघितलं तसलं काटेवालं. ही कंपनी २०२० साली ऑलिम्पसने विकत घेतली. दुर्बिणी बनवणाऱ्या एवढ्या मोठ्या कंपनीला टोपण विकत घ्यावंसं वाटलं, यातच काय ते आलं.

काट्यांची युक्ती सांगते. दिवाळीत गवतातून चालून आलात की पायमोज्यात कुसळं घुसतात. कुसळ पुढे सरकतं, मागे येत नाही. इथे तसंच, फक्त टोचत नाही इतकं मऊ. दुर्बीण आत जाताना काटे अंगाला चिकटून मागे दुमडतात, बाहेर येताना उलगडून उभे राहतात आणि प्रत्येक घडीला धरून थोडी मागे ओढतात. घडी ताणली जाते, पलीकडचं अंग कॅमेऱ्यासमोर येतं. थर्ड सेमला आपण रॅचेट आणि पॉलचं ड्रॉइंग काढून काढून हात दुखवून घेतो. हा तोच रॅचेट, फक्त कोणाच्या तरी पोटात.

उपयोग होतो का? ब्रिटनमधल्या सात रुग्णालयांत १,७७२ रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१९ साली छापून आले. टोपण नसताना ३६.२ टक्के लोकांत अडेनोमा सापडला, टोपण लावल्यावर ४०.९ टक्के. शौचात न दिसणारं रक्त तपासणीत निघालं म्हणून स्क्रीनिंगला आलेल्यांत तर ५०.९ वरून ६१.७. पण बाकीच्या रुग्णांत फरक पडला नाही, हेही त्यातच लिहिलंय, आणि मी ते लपवणार नाही. आतडं अरुंद किंवा जास्त वाकडं असेल तर टोपण काढून ठेवावं लागतं. जास्तीचे सापडतात ते बरेचसे बारीक पॉलिप असतात, त्यांच्यामुळे खरंच किती कॅन्सर टळतील यावर डॉक्टरांत वाद आहे. आणि २००६ सालीच अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं की दुर्बीण बाहेर काढायला सरासरी सहा मिनिटं किंवा जास्त घेणाऱ्या डॉक्टरांना २८ टक्के लोकांत अडेनोमा सापडला, घाई करणाऱ्यांना १२ टक्क्यांपेक्षाही कमी. म्हणजे सगळ्यात स्वस्त जोडणी भिंतीवरचं घड्याळ!

तरीही माझं मत टोपणाच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण आपलं प्रोजेक्ट लॅब.

यंदाच्या फायनल इयर प्रोजेक्टची यादी नोटीस बोर्डवर लागलीय, वाचून या. अर्ध्याहून जास्त नावांत एआय आहे. मला एआयबद्दल राग नाही. कोलोनोस्कोपीतही तो आलाय. २०२१ पासून अमेरिकेत परवानगी असलेली प्रणाली आहे, ती पडद्यावर पॉलिप दिसला की हिरवी चौकट काढून दाखवते. पण चौकट कशावर काढणार? जे पडद्यावर आलं त्यावर. घडीमागे जे राहिलं ते जगातल्या कुठल्याही अल्गोरिदमला दिसत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नुसता एआय आणि एआय अधिक काट्यांचं टोपण अशी तुलना केली, तेव्हा अडेनोमा सापडण्याचं प्रमाण ४४ वरून जवळजवळ ५० टक्क्यांवर गेलं. म्हणजे हुशार मेंदूलाही कोणीतरी पडदा बाजूला करून द्यावा लागतो. हे पडदा बाजूला करणं म्हणजे मेकॅनिकल. आमच्या ब्रँचला हल्ली प्लेसमेंटमध्ये कोणी विचारत नाही म्हणून हे जरा ठासून लिहिते.

आपल्या वर्कशॉपमध्ये इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन आहे. त्यावर आपण दरवर्षी तीच साबणाची डबी काढतो, एक्स्टर्नलना दाखवतो आणि टाकून देतो. हे टोपण एकदा वापरून फेकायचं असतं, म्हणजे प्रत्येक रुग्णाला नवीन, म्हणजे प्रत्येक बिलात वेगळी ओळ. कुठलं प्लॅस्टिक, काट्याची जाडी किती, किती बळाला तो दुमडावा, दुर्बिणीवरून निसटू नये म्हणून पकड किती, आणि तरीही अस्तराला ओरखडा येऊ नये, हे सगळे प्रश्न आपल्या सिलॅबसमधले आहेत. माणसावर वापरायचं म्हणजे परवानग्या, निर्जंतुकीकरण, वर्षानुवर्षं चाचण्या, ते आपल्या आवाक्यातलं नाही, मान्य. पण सिलिकॉनचं खोटं आतडं बनवून त्यात मणी चिकटवायचे आणि टोपण लावून व न लावता किती मणी दिसतात ते मोजायचं, हे एका सेमिस्टरमध्ये होण्यासारखं आहे. मी हा विषय मांडला तेव्हा वर्गात हशा झाला. एका सरांनी विचारलं, मुलीने हाच विषय का निवडावा? मी उत्तर दिलं नाही. नानांनी गाडीत जे विचारलं होतं तेच सरांनी विचारलं, फक्त प्रमाण मराठीत.

'आपल्याकडे हा आजार आहेच किती' असंही एकाने सुनावलं. पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी आहे, खरं आहे. म्हणूनच आपल्याकडे सरसकट सगळ्यांची कोलोनोस्कोपी करा असं मी म्हणत नाही. पण मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी ८०० रुग्णांचा आढावा २०१७ साली छापला, त्यात रुग्णांचं सरासरी वय ४७ होतं. अमेरिकेत हा म्हातारपणाचा आजार समजतात. ४७ म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या वडिलांचं वय. आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना शौचातून रक्त जात होतं. म्हणजे आजार सांगत होता, ऐकणारा एसटी स्टँडच्या भिंतीकडे बघत होता. मावशी, काका, मामा, एवढ्यासाठी हा लेख मराठीत आहे. रक्त दिसलं तर मूळव्याध असेलही, पण ते डॉक्टरने बघून ठरवू दे. आणि तपासणी करायची ठरली तर ती पावडर शेवटच्या थेंबापर्यंत प्या. रिपोर्ट इंग्रजीत आला तर माझ्याकडे आणा. मी आता सगळ्या ओळी वाचते.

नानांचं राहिलं. त्या दिवशी आतड्याच्या डाव्या भागात, एका घडीच्या मागच्या अंगाला, १५ मिलिमीटरचा पॉलिप सापडला. आणखी एक बारका होता. दोन्ही तिथेच काढले. पंधरा दिवसांनी तपासणीचा कागद आला: अडेनोमा, कॅन्सर नाही. मी डॉक्टरांना फोनवर विचारलं, टोपण नसतं तर दिसला नसता का? ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित दिसलाही असता, यावेळी पोट स्वच्छ होतं ही जास्त मोठी गोष्ट. मला टोपणाचं कौतुक ऐकायचं होतं, जरा हिरमोड झाला. पण माणूस खरं बोलला.

पुढची तपासणी तीन वर्षांनी. नानांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे साल लिहून ठेवलंय, आणि पारावर बसून ते आता दोन लिटर पाण्याची गोष्ट अशी रंगवून सांगतात की चुलती उठून आत जाते. गेल्या महिन्यात गावातले दोघंजण त्यांना विचारायला आले होते, एकटे, अंधार पडल्यावर.

आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये अजून दोन जागा आहेत. मोल्ड डिझाइन येणारा एक हवा आणि सिलिकॉन ओतताना न हसणारा एक. लेडीज होस्टेलच्या गेटवर निरोप ठेवला तरी चालेल.